मस्तक एकाचे, धड दुसऱ्याचे

वेताळपंचविशीतली मस्तकांच्या अदलाबदलीची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकलेली असते. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने ‘कथासरित्सागरा’त ती सांगितली, आणि मी ती दरवर्षी रिकाम्या तासाला मुलांना सांगत आले आहे. मदनसुंदरी नावाची एक परटीण, तिचा नवरा आणि माहेरच्या उत्सवाचे बोलावणे घेऊन आलेला तिचा भाऊ असे तिघेजण वाटेने चाललेले असतात. वाटेत गौरीचे देऊळ लागते. नवरा दर्शनाला म्हणून आत जातो आणि देवीपुढे उभे राहिल्यावर त्याच्या मनात काय येते कोण जाणे, तो आपले मस्तक उतरवून देवीला वाहतो. त्याला शोधायला गेलेला भाऊही तेच करतो. शेवटी मदनसुंदरी आत जाते, दोन्ही धडे पाहते आणि वेलीचा फास गळ्यात अडकवणार, इतक्यात देवी प्रसन्न होऊन सांगते की, मस्तके धडांना जुळव म्हणजे दोघेही उठून बसतील. बिचारी घाईत चुकते. नवऱ्याचे मस्तक भावाच्या धडावर बसते आणि भावाचे नवऱ्याच्या. वेताळ विचारतो, राजा, आता यातला तिचा नवरा कोणता? राजा म्हणतो, ज्याच्या खांद्यांवर नवऱ्याचे मस्तक आहे तो. कारण सर्व अवयवांत मस्तक श्रेष्ठ आणि माणसाची ओळख मस्तकावरूनच ठरते.

हे उत्तर इतकी वर्षे माझ्या वर्गात बिनतक्रार खपत आले होते. काही वर्षांपूर्वी सहावीतली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “बाई, मग तिनं राखी कुणाला बांधायची?” मी म्हटले, “भावाला.” ती म्हणाली, “पण भावाचा हात तर नवऱ्याला आहे.” मागच्या बाकावरचा एक मुलगा तिच्या मदतीला धावला. “भाऊबीज सोपी आहे,” तो म्हणाला, “कुंकू कपाळालाच लावायचं असतं.” वर्ग हसला, तेवढ्यात घंटा झाली आणि मी सुटले.

सुटले असे त्या दिवशी वाटले खरे. पण गेली काही वर्षे विज्ञान आणि साहित्य यांच्या सरहद्दीवर जे लिहिले जात आहे ते वाचताना मला त्या मुलीचा प्रश्न पुन्हा पुन्हा आठवतो. माणूस आपल्या शरीरापासून सुटा करता येईल, आणि मग जो उरेल तो आजच्या माणसापुढचा ‘मानवोत्तर’ प्राणी असेल, असे सांगणारे विद्वान पश्चिमेकडे पुष्कळ आहेत. त्यांच्यात हान्स मोराव्हेक या यंत्रमानव घडवणाऱ्या शास्त्रज्ञाचे नाव आधी घ्यावे लागेल. १९८८ साली त्याचे ‘माइंड चिल्ड्रन’ हे पुस्तक आले. त्यात एका शस्त्रक्रियेची कल्पना आहे. यंत्रशल्यविशारद माणसाची कवटी उघडतो, मेंदूचा एकेक पापुद्रा तपासतो, त्याचे काम जसेच्या तसे संगणकात उतरवतो आणि तो पापुद्रा काढून टाकतो. असे करीत करीत कवटी रिकामी होते, आणि रोगी मात्र संगणकात ‘जागा’च राहतो. इकडे टेबलावर उरलेले धड आचके देऊन मरते. त्या धडाबद्दल लेखकाला काडीचेही दुःख नाही. विक्रमाचे उत्तर याहून अधिक इमानाने आजवर कुणी अमलात आणले नसेल.

हे पान वाचून धक्का बसलेली एक बाई म्हणजे कॅथरीन हेल्स. ती आधी रसायनशास्त्राची विद्यार्थिनी होती, पुढे साहित्याकडे वळली. आपण मानवोत्तर कसे झालो, अशा अर्थाच्या नावाचे तिचे पुस्तक १९९९ साली प्रसिद्ध झाले. एवढा बुद्धिमान माणूस मन शरीरापासून असे सोलून काढता येईल यावर विश्वास ठेवूच कसा शकला, हे कुतूहल त्या पुस्तकाच्या मुळाशी आहे. तिचा माग १९४० नंतरच्या दशकापर्यंत जातो. १९४८ साली क्लॉड शॅननने संदेशाचे मोजमाप सांगितले. त्यात संदेशाच्या अर्थाला स्थान नव्हते, आणि तो तारेतून गेला की हवेतून, हेही गौण होते. त्याच वर्षी नॉर्बर्ट वीनरने प्राणी आणि यंत्र यांना एकाच शास्त्राच्या दावणीला बांधले. १९५० साली अ‍ॅलन ट्यूरिंगने यंत्राला विचार करता येतो का हे ठरवण्यासाठी जी परीक्षा सुचवली, तीत परीक्षक एका खोलीत, उत्तरे देणारे दुसरीकडे, आणि मध्ये फक्त टंकलिखित मजकूर. गंमत अशी की त्या निबंधाची सुरुवात यंत्रापासून होत नाही. तिथे आधी एक पुरुष आणि एक स्त्री दाराआड बसतात, आणि नुसत्या लेखी उत्तरांवरून कोण कोणता हे ओळखायचे असते. म्हणजे देह पडद्याआड गेला तो तिथेच.

हेल्सबाईंचे पुस्तक सोपे नाही. पानेच्या पाने वाचून आपण नेमके काय वाचले असा प्रश्न पडतो, आणि देहाची इतकी बाजू घेणाऱ्या या ग्रंथात घाम येणारा, भूक लागणारा देह क्वचितच भेटतो. पण एक गोष्ट तिने फार शहाणपणाने केली. शास्त्रज्ञांच्या सिद्धांतांशेजारी तिने कादंबऱ्या ठेवल्या, आणि कादंबरीला साक्षीदाराचा मान दिला. मला पुढे जायचे आहे ते याच वाटेने, मात्र माझे साक्षीदार वेगळे आहेत. माझे म्हणणे इतकेच की, विक्रमाचे उत्तर निवाड्याला पुरते, पण ती गोष्ट कुणी पुढे सांगू लागला की त्याला पुरत नाही.

टॉमस मानने हीच कथा घेऊन १९४० साली एक लघुकादंबरी लिहिली. मूळ कथा त्याला हाइनरिश त्सिमर या भारतविद्येच्या पंडिताकडून मिळाली होती. मानने भावाच्या जागी मित्र घातला आणि राखीची अडचण परस्पर मिटवली. श्रीदमन बुद्धिमान आणि नाजूक, नंद बलदंड गवळी, आणि सीता श्रीदमनाची बायको. अदलाबदल झाल्यावर निवाडा एका तपस्व्याकडे जातो आणि तोही विक्रमासारखाच मस्तकाच्या बाजूने कौल देतो. सोमदेव जिथे थांबतो तिथे मानची खरी गोष्ट सुरू होते. काही काळ सीतेला हवे ते सारे मिळते, पतीचे मस्तक आणि मित्राचे बाहू. पण पोथ्या वाचणाऱ्या मस्तकाखाली नंदाचे ते धड हळूहळू सैल पडू लागते, आणि त्या धडाच्या संगतीने श्रीदमनाचा चेहराही थोडा राकट होतो. तिकडे अरण्यात नंदाच्या मस्तकाखालचे ते नाजूक शरीर कष्टाने भरते. म्हणजे मस्तक धडाला आपल्यासारखे करते आणि धडही मस्तकाला सोडत नाही. मान हे सारे मिस्कीलपणे सांगतो, जरा जास्तच मिस्कीलपणे, आणि तिघांच्याही मरणाच्या वेळी आपल्या डोळ्याला पाणी येत नाही.

गिरीश कर्नाडांनी मानवरून ‘हयवदन’ हे नाटक कन्नडमध्ये लिहिले, ते १९७१ साली प्रसिद्ध झाले. विजया मेहतांनी ते मराठी रंगभूमीवर आणले. कथानक मानचेच, देवदत्त, कपिल आणि पद्मिनी. पण कर्नाडांनी एक अशी गोष्ट पाहिली जी मानच्या नजरेतून निसटली होती. अरण्यात राहणारा कपिल, म्हणजे कपिलाचे मस्तक आणि देवदत्ताचे धड, पद्मिनीला सांगतो की, या शरीराला मी राबवून वठणीवर आणले, पण त्याच्या आठवणींचे काय करू? त्या हातांनी पूर्वी काय स्पर्शले होते ते माझ्या डोक्याला ठाऊक नाही, हातांना मात्र ठाऊक आहे. नाट्यगृहात हे ऐकताना अंगावर काटा येतो. वर्गातल्या मुलीने विचारले होते तेच हे. हाताला स्वतःची आठवण असेल तर राखी कुणाची?

मस्तकश्रेष्ठत्वाचा वारसा आपल्याकडेही मोठा आहे, आणि देह म्हणजे जुने वस्त्र हे तर आपण बाळपणापासून ऐकतो. म्हणून शंकराचार्यांविषयीची ती दंतकथा मला फार बोलकी वाटते. मंडनमिश्राला वादात जिंकल्यावर त्याची पत्नी उभयभारती पुढे येते आणि कामशास्त्रावर प्रश्न विचारते. आचार्य संन्यासी, उत्तर देता येईना. ते मुदत मागतात, आपला देह शिष्यांच्या राखणीत ठेवतात आणि मेलेल्या अमरुक राजाच्या शरीरात शिरतात. देह मिथ्या म्हणणाऱ्या आचार्यांनाही ते ज्ञान ग्रंथातून मिळाले नाही, त्यासाठी एक उसना देह लागला. आणि उसना असला तरी त्या देहाने आपला अंमल बसवलाच; आपण कोण हे आचार्य विसरले, शिष्यांना येऊन आठवण करून द्यावी लागली. कथा रचणाऱ्याला आचार्यांचे सामर्थ्य दाखवायचे होते, पण गोष्टीने जाता जाता देहाचेही सामर्थ्य दाखवले. गोष्टी अशा फितूर होतात.

हे सारे कथाकारांचे झाले. वैद्यांकडे वळावे तर तिथे सायलस वियर मिचेल भेटतो. तो फिलाडेल्फियाचा डॉक्टर. अमेरिकेतल्या १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात हातपाय गमावलेले असंख्य सैनिक त्याने पाहिले. कापलेला हात दुखतो, नसलेल्या पायाची बोटे वळतात, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. १८७१ साली त्याने या भासमान अवयवांविषयी लिहिले. पण त्याआधी, १८६६ साली, ‘अटलांटिक मंथली’ या मासिकात हीच हकीकत त्याने नाव न घालता गोष्टीच्या रूपाने सांगितली होती. तिचा निवेदक जॉर्ज डेडलो दोन्ही हात, दोन्ही पाय गमावून बसतो. वाचकांना ती इतकी खरी वाटली की, डेडलोच्या नावाने मदत येऊ लागली! डेडलोचे दुःख केवळ अपंगत्वाचे नाही. तो म्हणतो की, एकेक अवयव गेला तसा माझा ‘मी’ कमी होत गेला. मी खरोखर जॉर्ज डेडलोच आहे ना, असे कुणाला तरी सारखे विचारावेसे वाटते. शेवटी तो प्रेतात्म्यांना बोलावणाऱ्यांच्या बैठकीला जातो, तर तिथे लष्कराच्या वैद्यकीय संग्रहालयात मद्यार्कात बुडवून ठेवलेले त्याचे स्वतःचे पाय हजर होतात, आणि त्या अदृश्य पायांवर तो चार पावले चालतो. हसावे की रडावे ते कळत नाही.

इथे विक्रमाचा वकील उठून म्हणेल, पाहा, हात नाही आणि तरी हात आहे, म्हणजे हात मुळात मेंदूतच होता! आक्षेप बिनतोड दिसतो. तमिळनाडूत जन्मलेले आणि कॅलिफोर्नियात काम करणारे डॉ. विलयानूर रामचंद्रन यांनी १९९० नंतरच्या दशकात एका साध्या पेटीने या कोड्याला हात घातला. पेटीत उभा आरसा. रोग्याने शाबूत हात आरशापुढे धरायचा आणि त्याचे प्रतिबिंब पाहायचे, म्हणजे गेलेला हात जागेवर आल्यासारखा दिसतो. वर्षानुवर्षे घट्ट आवळलेली, दुखणारी ती नसलेली मूठ काही जणांची त्यात उघडली. नुसते ‘तुझा हात नाही’ हे डोक्याला पटवून ती उघडत नव्हती, ते तर रोग्याला आधीच ठाऊक होते. तिला दुसरा, हाडामांसाचा हात उघडताना दिसावा लागला. मेंदूत शरीराचे चित्र असते हे कबूल, पण ते चित्र शरीराने काढलेले असते आणि शरीरच ते पुसू शकते. मोराव्हेकच्या संगणकात जागा झालेल्या त्या माणसाचे काय होईल? पायापासून मानेपर्यंत सगळाच देह नसलेला तो माणूस डेडलोपेक्षा सुखी असेल असे मानायला मला तरी आधार दिसत नाही.

अर्थात यंत्र आणि देह यांचे नेहमी वैरच असते असे नाही. सी. एल. मूर या लेखिकेची १९४४ सालची एक कथा आहे. डेर्ड्रा ही लोकांच्या गळ्यातला ताईत असलेली नर्तकी नाट्यगृहाच्या आगीत होरपळते, मेंदू तेवढा वाचतो, आणि एक शास्त्रज्ञ तिच्यासाठी सोनेरी धातूचा देह घडवतो. स्पर्श नाही, वास नाही, चव नाही. चेहऱ्याच्या जागी गुळगुळीत मुखवटा. तिचा मित्र तिला भेटायला येतो तेव्हा त्याला आधी यंत्रच दिसते. मग ती हालचाल करते, आणि त्या हालचालीत त्याला ती ओळखू येते. तिची ओळख मस्तकाने पटत नाही, चालीने पटते. कथेच्या अखेरीला तिच्या आवाजात धातूचा किंचित नाद येऊ लागतो आणि मूर तिथेच थांबते. नवा देह मेंदूला बदलू लागला आहे. ‘सायबॉर्ग’ हा शब्द मॅनफ्रेड क्लाइन्स आणि नेथन क्लाइन यांनी अंतराळप्रवासाच्या संदर्भात १९६० साली घडवला. मूरने त्याची नायिका सोळा वर्षे आधीच लिहून ठेवली होती.

डेर्ड्राची कथा वाचताना मला आपली सुधा चंद्रन आठवली. मुंबईची ही भरतनाट्यम नर्तकी १९८१ साली तमिळनाडूत बसच्या अपघातात सापडली, तिचा उजवा पाय कापावा लागला आणि जयपूरचा पाय बसवून १९८४ साली ती पुन्हा रंगमंचावर आली. पुढे ‘मयूरी’ आणि ‘नाचे मयूरी’ या चित्रपटांत तिने स्वतःचीच भूमिका केली. या जयपूरच्या पायाविषयी चार शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही. परदेशी पद्धतीचे कृत्रिम पाय बूट आणि खुर्ची गृहीत धरून केलेले असत. डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी रबराचा असा पाय घडवला की, अनवाणी शेतात चालता यावे, उकिडवे बसता यावे, मांडी घालून पंगतीला बसता यावे. पाय म्हणजे केवळ चालण्याचे साधन नव्हे, माणूस कसा बसतो, कुणाच्या पंक्तीला बसतो, हेही त्यात आले, हे एका मूर्तिकाराच्या हातांना आधी उमगले. मानवोत्तराची चर्चा करणाऱ्या ग्रंथांतून हा पाय मला कुठे भेटला नाही.

आपल्या विज्ञानकथेकडे पाहिले तर जयंत नारळीकरांची ‘उजव्या सोंडेचा गणपती’ ही कथा चटकन डोळ्यांपुढे येते. अवकाशाला पीळ पडून माणूस आरशातल्या प्रतिमेसारखा उलटा होतो, ही कल्पना गणितज्ञाची आहे. पण ती आपल्या गळी उतरते ती क्रिकेटच्या मैदानावर गोलंदाजाचा हात बदलतो तेव्हा. सिद्धांत हातात उतरला म्हणून कथा झाली. तसे न घडलेल्या विज्ञानकथा मराठीत थोड्या नाहीत. त्यांत पात्रे प्रयोगशाळेत उभी राहून एकमेकांना शास्त्र समजावून देतात आणि रात्रभर जागूनही कुणाला जांभई येत नाही. उलट काझुओ इशिगुरोच्या ‘क्लारा अँड द सन’ या २०२१ सालच्या कादंबरीत निवेदकच यंत्र आहे, आणि तरी ती मला जिवंत वाटली. का? तर क्लाराला देह आहे. तिला ऊन लागते, उन्हावर ती जगते, आणि ती गोंधळली की तिच्यापुढचे दृश्य चौकटी-चौकटींत फुटते. सूर्य हा तिचा देव होतो तो कुणी शिकवला म्हणून नव्हे, भूक आहे म्हणून.

आता तर बोलणारी यंत्रे घरोघरच्या मोबाइलात आली आहेत. २०२२ च्या अखेरीपासून त्यांचा फार बोलबाला झाला. आमच्या शाळेतल्या एका बाईंच्या मुलाने असल्या यंत्राकडून एका विधुर म्हाताऱ्याची मराठी गोष्ट लिहून घेतली आणि मोठ्या कौतुकाने मला वाचायला दिली. व्याकरण शुद्ध होते. एका पानात म्हाताऱ्याच्या पायाखालची वाळू सरकली होती, छातीत धस्स झाले होते, पोटात कालवले होते आणि डोळ्यांत पाणी तरळले होते. मराठी भाषेला मनातले काही सांगायचे तर पोट, छाती, हात, पाय यांच्याकडे जावेच लागते; आपली दया पोटात असते, माया पोटात, राग नाकावर आणि शंका मनात. ज्यांची पोटे कालवली त्या पिढ्यांनी हे शब्द घडवले, आणि यंत्राने ते गोळा केले. त्या म्हाताऱ्याला पोट नव्हते, एवढेच.

हे मी त्या मुलाला ऐटीत सांगितले खरे. पण घरी आल्यावर माझ्याच पहिल्या कादंबरीची आठवण झाली आणि ऐट उतरली. ती प्रसिद्ध झाल्यावर एका अनोळखी वाचकाचे पत्र आले होते. त्यांनी लिहिले होते की, तुमची नायिका शिक्षिका आहे, दिवसाला सात तास उभी राहते, पण सबंध पुस्तकात तिचे पाय एकदाही दुखत नाहीत. ती फक्त विचार करते. मला त्या वेळी राग आला होता. तो महिना सहामाही परीक्षेचा होता, आणि ते पत्र मी रात्री गरम पाण्याच्या घमेल्यात पाय सोडून बसले असताना वाचले होते! कादंबरी लिहिताना ते पाय मी टेबलाखाली ठेवून विसरले होते. यंत्राने माझ्यासारखे लिहिले असे म्हणावे, की मी यंत्रासारखे लिहिले, याचा निकाल वाचकांनी लावावा.

त्या सहावीच्या वर्गाला मी पुढच्या आठवड्यात ती गोष्ट आठवून लिहायला सांगितली. बहुतेकांनी विक्रमाचे उत्तर जसेच्या तसे उतरवले; मस्तक श्रेष्ठ, म्हणून नवरा तो. राखीचा प्रश्न विचारणाऱ्या मुलीची वही मी मुद्दाम शेवटी काढली. तिने देऊळ लिहिले होते, वेलीचा फास लिहिला होता, मस्तके चुकली तेही लिहिले होते. वेताळाच्या प्रश्नानंतर दोनच ओळी होत्या. राजाला उत्तर येईना. वेताळ त्याच्या खांद्यावरच बसून राहिला.